बॉनेटवरची सही

रंगकामातल्या माणसाच्या घरात तेलाची बाटली चोरासारखी राहते. मी बत्तीस वर्षं गाड्यांच्या कंपन्यांत पेंट शॉपला काढली, त्यातली शेवटची बारा निघोज्याच्या बाजूला. तिथं नियमच होता: डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, सेंट नाही, थंडीत टाचा फुटून रक्त आलं तरी क्रीम नाही. ओल्या रंगाला तेलाचा कण लागला की रंग तिथून मागं सरकतो आणि मसुरीएवढा खड्डा पडतो. आम्ही त्याला क्रेटर म्हणायचो. एका क्रेटरपायी अख्खी बॉडी लाइनवरून खाली उतरायची. मी तपासणीला होतो. ट्यूबलाइटच्या उजेडात गाडीभोवती फिरायचं आणि दुसऱ्याच्या चुकांवर गोल काढायचे, हे माझं काम. ते मला फार चांगलं जमायचं. घरी आल्यावरही सुटायचं नाही.

माझी बायको कस्तुरा हे सगळं सांभाळून संसार करायची. माझे कपडे वेगळे धुवायची. स्वतःच्या केसांना तेल लावायची ते मी शिफ्टला गेल्यावर, आणि बाटली पुन्हा फडताळात, डाळीच्या डब्याआड. केस तिचे कमरेखाली यायचे. शेजारच्या अंबुबाई म्हणायच्या, "कस्तुरा, तुझ्या वेणीनं विहिरीतून घागर निघेल गं."

२०१२ साली मी एक गाडी घेतली. दोन माणसांची, दोन दारांची, वरचा टप उघडणारी, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. चाकणच्या कुणा साहेबानं ती हौसेनं घेतली होती आणि हौस फिटल्यावर गवतात उभी करून ठेवली होती. मूळचा लाल रंग उडून ती शिळ्या कलिंगडासारखी दिसायची. वस्तीतले लोक म्हणाले, भीमराजचं डोकं फिरलं, चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी आणतोय. तेव्हा माझी म्हातारी आईही होती. पण आयुष्यभर लोकांच्या गाड्या चकचकीत केलेल्या माणसाला एक स्वतःची करावीशी वाटली, तर त्यात काय चुकलं?

रंग मीच कालवला. निळा. निळाच का, हे आमच्या वस्तीत कुणी विचारलं नाही.

कासारवाडीला आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. तिथं प्लॅस्टिकचे पडदे लावले, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं, रंगाच्या गनला हवा देणारा कॉम्प्रेसर कुदळवाडीच्या भंगारातून आणून मीच दुरुस्त केला. आतल्या बाजू आधी मारल्या, मग दारं, मग डिकी, आणि सगळ्यात शेवटी बॉनेट. तो दिवस रविवार होता, २६ मे २०१३, बुद्ध पौर्णिमेचा दुसरा दिवस. शेवटचा हात फिरवून मी गन खाली ठेवली आणि कस्तुरा पडदा बाजूला करून चहा घेऊन आत आली. केस मोकळे सोडलेले होते. ती बॉनेटवर वाकली आणि म्हणाली, "अगं बाई, आरसाच की!"

तिचे केस चमकत होते. चमक मला कळते, त्याचाच पगार घ्यायचो. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या आरशात एकेक खड्डा उघडायला लागला. अकरा. मोजायला मला वेळ लागत नाही.

मी ओरडलो. "डोक्यावर तेलाचा डबा ओतून आलीस का? पेंट शॉपवाल्याच्या घरात जन्म गेला, एवढी अक्कल नाही आली?" बाहेर अंबुबाई आणि आणखी चारजणी उभ्या होत्या. त्यांनी ऐकावं म्हणून मी आवाज खाली आणला नाही. कस्तुरानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बॉनेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चुकलं माझं."

माझा मुलगा बुद्धरत्न तेव्हा पंधरा वर्षांचा. तो तिच्या मागं उभा होता. "पप्पा, पण आईनं..." एवढं बोलला आणि मी त्याच्या मुस्काटात लावली. बापाचं काम बिघडलं असताना पोरानं मध्ये तोंड घालायचं नसतं, हे माझं तेव्हाचं शास्त्र.

बॉनेट घासून पुन्हा मारता आलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. मी मारलं नाही. आधी रागानं ठेवलं, दिसू दे म्हटलं. मग गंमत म्हणून ठेवलं. जुन्या गाड्यांवाले आम्ही काही हौशी लोक रविवारी सकाळी लोणावळ्याला जमायचो. कुणी बॉनेटकडं बोट दाखवून विचारलं, हे ठिपके कसले, की मी म्हणायचो, "ही आमच्या मिसेसची सही. खोबरेल तेलातली." लोक पोट धरून हसायचे. पेट्रोल पंपावर सांगितलं, कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितलं, सग्यासोयऱ्यांत सांगितलं. कस्तुरा बाजूलाच असायची. पदर तोंडाला लावून तीही हसायची.

त्या दिवसापासून तिनं डोक्याला तेल लावलं नाही. मी तसं म्हणालो नव्हतो. पण बाटली फडताळातून गेली ती गेलीच. केस आधी कोरडे झाले, मग विरळ. अंबुबाई म्हणायच्या, "डोकं म्हणजे खराटा झालाय गं," तर ही म्हणायची, "आमच्या ह्यांना नाही चालत." मी रिटायर झालो तरी तिचं तेच. आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. एकदाच बोललो, बाईनं जन्मभर लक्षात ठेवलं, असं मी चारचौघांत सांगायचो.

बुद्धरत्न त्या दिवसापासून त्या गाडीत बसला नाही. एकदाही नाही. शाळेला उशीर झाला तरी पळत जायचा. बापलेकात बोलणं राहिलं ते कामापुरतं. इंजिनियर झाला, हिंजवडीला नोकरी लागली आणि घर असूनही मारुंजीला दोन मित्रांबरोबर भाड्यानं राहायला गेला. ट्रॅफिकचं कारण होतं. कारण खरंही होतं, म्हणून मला काही बोलता आलं नाही.

कस्तुरा मागच्या वर्षी गेली. शुगर होती, मग किडनीवर आलं, मग चार महिने दवाखाना. ती गेल्यावर आमच्या गल्लीतले आबाजी भेटायला आले. त्यांचीही बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. ते म्हणाले, "भीमराज, उशीचा अभ्रा धुवू नका. आमच्या हिच्या उशीला सहा महिने तेलाचा वास होता. मी त्याच्यावरच निभावलं."

ते गेल्यावर मी कस्तुराची उशी नाकाला लावली. साबणाचा वास आला. कंगवा हुंगला. त्याला कसलाच वास नव्हता, नुसतं प्लॅस्टिक.

मग मला तिचं म्हणून राहिलं काय? बॉनेटवरचे ते अकरा खड्डे. रोज सकाळी शेडमध्ये जायचो आणि त्यांच्यावरून बोट फिरवायचो. ज्यांच्यावरून तिला बोल लावले त्यांनाच आता जपत होतो. माणूस गेल्यावर आपली अशी फजिती होते.

यंदा जूनमध्ये तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी गेले, पाहुणे गेले, मी आणि बुद्धरत्न दोघंच उरलो. माझे गुडघे आता त्या बुटक्या गाडीला पुरत नाहीत. आत बसलं की बाहेर ओढायला माणूस लागतो. मी म्हणालो, "गाडी तू घेऊन जा. उभी राहून खराब होईल." मनात होतं की गाडीच्या निमित्तानं पोरगा परत जवळ येईल. दुसरं माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

तो बराच वेळ ताटं विसळत राहिला. मग म्हणाला, "रंग बदला, मग नेतो."

"का? निळा वाईट आहे?"

"त्या रंगात मी बसणार नाही, पप्पा. त्याच्याकडं बघितलं की मला आईचा तो दिवस दिसतो. सगळी गाडी घासून घ्या, ते खड्डे बुजवा. निळा सोडून कुठलाही मारा."

पुढच्या रविवारी तो अर्जच घेऊन आला. गाडीचा रंग बदलायचा तर आरसी बुकात नोंद करायला आरटीओकडं अर्ज लागतो. त्यानं सगळा भरला होता, फक्त नव्या रंगाचा रकाना कोरा ठेवला होता. "तुम्हीच लिहा," म्हणाला. बारा वर्षांत त्यानं माझ्या हातात पहिल्यांदा काही दिलं होतं.

तो अर्ज आठ दिवस टीव्हीवर पडून होता. रंग बदलला तर पोरगा गाडीत बसणार होता. पण मग कस्तुराची खूण पॉलिश पेपरखाली निळं पाणी होऊन वाहून जाणार होती. घासायला लागल्यावर एक क्रेटर जायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. दोन मिनिटं. शेवटी मी स्वतःलाच दटावलं: भीमराज, बाई गेली, पोरगा जिवंत आहे. आणि गाडी टेम्पोवर चढवून निघोज्याला नवनाथकडं नेली.

नवनाथ निघोज्याचाच, जुन्या घरातला. पूर्वी माझ्या हाताखाली कंपनीत होता, आता रोडला त्याचं स्वतःचं रंगाचं शेड आहे. कस्तुराच्या सहीची गोष्ट त्यानं माझ्याकडून दहादा ऐकलेली. तो गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "भाऊ, निळ्यावर निळाच मारायचा आसता तर भायेरनं मारून दिला आसता. पर रंग बदलायचा म्हंजी आतनं समदं उघडाया लागंल. न्हाईतर डिकी उघडली की जुना रंग दात काढून हसतोय."

"उघड," मी म्हणालो आणि खुर्चीवर बसलो.

त्यानं दारांची रबरं काढली. मग डिकीच्या झाकणाच्या आतला नमदा, म्हणजे जाड फेल्टचं अस्तर, सोलला. तो नमदा मीच चिकटवला होता, रंग मारल्याच्या दुसऱ्या दिवशी, कंपनीतून येऊन, बल्बच्या पिवळ्या उजेडात. आतली बाजू कोण बघतंय म्हणून मी ती तपासलीही नव्हती.

"भाऊ, जरा हिकडं या."

मी उठलो. झाकणाच्या आतल्या अंगाला निळ्या रंगात क्रेटर होते. पाच-दहा नाही. देवी आलेल्या माणसाचा चेहरा असतो तसं सगळं झाकण. दाराच्या कडांना तेच. पेट्रोलच्या झाकणामागं तेच.

नवनाथनं माझ्याकडं बघितलं नाही. झाकणावरून अंगठा फिरवत म्हणाला, "वहिनी काय डिकीत शिरल्या व्हत्या व्हय?" मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. हळू आवाजात म्हणाला, "कॉम्प्रेसर कुठला व्हता, भाऊ?"

"कुदळवाडीचा. जुना."

"त्येल ओकत व्हता त्यो, कवा लई, कवा काईच न्हाई. हवेसंगं त्येल आलंय. तुमीच आमाला शिकिवलं न्हाई का, गन धरायच्या आदी हवा काचंवर मारून बगायची?"

मीच शिकवलं होतं. स्वच्छ काच घ्यायची, तिच्यावर नुसती हवा सोडायची, बोट फिरवून बघायचं. काच चिकट लागली तर हवेत तेल आहे. कंपनीत मी हे रोज बघायचो आणि कुणी विसरलं तर त्याचं नाव लिहून घ्यायचो. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये, माझ्या स्वतःच्या गाडीला, मी काच धरली नव्हती.

तरी मन कबूल होईना. म्हटलं, आतल्या बाजू मारतानाही तीच कधीतरी शेडमध्ये आली असेल. मग झाकणाच्या कोपऱ्यात मला माझंच अक्षर दिसलं. कंपनीतली सवय, काम झालं की आत तारीख टाकायची. मार्करनं लिहिलं होतं: ८/५/१३, भीमराज. आठ मेला कस्तुरा घरात नव्हतीच. शाळेला सुट्टी लागली म्हणून पोराला घेऊन ती परळीला भावाकडं गेली होती. बुधवार होता, मी रजा टाकून एकट्यानं काम केलं होतं आणि दुपारी पिठलं करून खाल्लं होतं. मला तो दिवस आख्खा आठवला.

मी नवनाथला म्हणालो, हात लावू नको आता. आणि बाहेर येऊन थेट मारुंजीची वाट धरली. दोन बस बदलल्या. गुडघे दुखत होते, ते बरं वाटत होतं.

बुद्धरत्नच्या खोलीवर तो एकटाच होता. त्यानं मला बघून खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच बोललो. "बुद्धा, ते तुझ्या आईचं तेल नव्हतं रे. माझ्या कॉम्प्रेसरचं होतं."

मला वाटलं तो चिडेल, ओरडेल. त्यानं गॅस लावला, चहाचं आधण ठेवलं. मग माझ्याकडं पाठ करूनच म्हणाला, "मला माहीत आहे."

"कॉम्प्रेसरचं?"

"ते नाही. पण आईचं नव्हतं, हे माहीत होतं. ती त्या दिवशी डोक्यावरून न्हायली होती, पप्पा. पाण्याची बादली मीच भरून दिली होती. केस ओले होते तिचे."

ओले होते. मी चमक बघितली होती आणि तेल म्हणालो होतो. बत्तीस वर्षं उजेडात गाड्या बघणाऱ्या माझ्या डोळ्यांना, स्वतःच्या बायकोचं डोकं ओलं आहे की तेलकट, हे कळलं नव्हतं.

"तेच सांगत होतो मी," तो म्हणाला. पुढचं सांगायची गरज नव्हती, माझा हात मला आठवत होता.

"मग ती का नाही बोलली?"

"मी विचारलं होतं तिला. त्याच संध्याकाळी." त्यानं गॅस बारीक केला. "ती म्हणाली, स्वतःच्या हातून चुकलं हे तुझ्या पप्पांना सोसायचं नाही. माझ्या हातून चुकलं असेल तर त्यांना चालतं. दोन दिवस बोलतील आणि विसरतील."

चहा उतू गेला. आम्हा दोघांनाही तो दिसत होता, पण गॅसला कुणी हात लावला नाही.

"तुम्ही विसरलाच नाहीत, पप्पा. लोणावळ्यापर्यंत जाऊन सांगितलंत. ती बाजूला उभी राहून हसायची, ते मला बघवायचं नाही. म्हणून मी त्या गाडीत बसलो नाही."

मी रडलो. साठी उलटलेला माणूस पोराच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, नाक ओढत रडलो. तो जवळ आला नाही, आणि लांबही गेला नाही. थोड्या वेळानं त्यानं ओट्यावरचा चहा पुसला आणि नवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो माझ्याबरोबर निघोज्याला आला. नवनाथनं पॉलिश पेपर भिजत घातला होता. म्हणाला, "ठरला का रंग?"

मी खिशातून अर्ज काढला. रकाना कोराच होता. रात्रभर त्याच्यावर विचार केला होता. काल सकाळपर्यंत मला ते खड्डे तिचे म्हणून ठेवायचे होते. आता ते माझे होते. माझी चूक घासून काढायची, वर राखाडी नाहीतर पांढरा मारायचा, सगळं गुळगुळीत. कुणी विचारणार नाही आणि मला सांगावं लागणार नाही. कस्तुरा जिवंत असती तर तिनं हेच सुचवलं असतं.

मी बुद्धरत्नला म्हणालो, "तुला दिलेला शब्द मी मोडतोय. गाडीत नाही बसलास तरी चालेल. पण हे बॉनेट मला असंच हवंय. हे दाखवून बारा वर्षं मी लोकांना हसवलं. आता हेच दाखवून त्यांना खरं सांगायचंय. बॉनेट कोरं झालं तर मी कशावर बोट ठेवून सांगू?"

तो बॉनेटजवळ गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या निळ्या रंगाला हात लावला आणि एका खड्ड्यावर बोट ठेवून उभा राहिला. नवनाथ दारांची रबरं पुन्हा बसवायला लागला.

मग बुद्धरत्न म्हणाला, "चावी द्या. तुमच्या गुडघ्यांनी क्लच दाबवणार नाही."

तो आत बसला. मला हाताला धरून शेजारी बसवलं. ती सीट कस्तुराची. इतकी खाली आहे हे मला माहीत नव्हतं. त्या सीटवरून पुढं रस्ता कमी आणि बॉनेटच जास्त दिसतं. दर रविवारी लोणावळ्यापर्यंत ती ते अकरा खड्डे बघत जायची.

मोशीच्या अलीकडं आमचा नेहमीचा पंप आहे. तिथं हिंदुराव नावाचा माणूस वर्षानुवर्षं पेट्रोल भरतो. गाडी बघून तो लांबूनच हसायला लागला. त्यानं पाइप लावला, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "काय काका, लई दिसांनी! काकूंची सही हाय की अजून. खोबरेल तेलातली!"

मी दार उघडलं. उतरता येईना, तेव्हा बुद्धरत्न फिरून आला आणि त्यानं मला ओढून उभं केलं.

"हिंदुराव," मी म्हणालो, "ती सही तिची नाही. माझी आहे. माझ्या कॉम्प्रेसरचं तेल होतं. मी काच धरून बघितली नाही आणि नाव तिचं घेतलं. तिनं त्या दिवशी तेल लावलंच नव्हतं."

त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याला ते कुठं ठेवावं कळेना. "मग काकूंना सांगितलं का काका?" एवढंच त्यानं विचारलं. ती गेल्याचं त्याला माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "तिला सांगायचं राहिलं."

पेट्रोल भरून झालं. बुद्धरत्ननं मला पुन्हा आत बसवलं, सीटचा पट्टा ओढून लावला आणि गाडी सुरू केली. रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "आता कुणाकडं?"

मी नावं आठवायला लागलो. बरीच होती.